अक्षराने खपलेला आणि अक्षराने परत आलेला बूट

बुटाचा खोका किंवा टी-शर्टची पिशवी छापायची झाली की आपला दुकानदार छापखान्यात सांगतो, "जागा मोकळी सोडू नका." मग मालाचे नाव, 'उत्तम दर्जा', पत्ता, फोन, चार रंग आणि वर एक चमकता तारा. पैसे वसूल! गिऱ्हाइकाला मात्र घरी गेल्यावर नाव आठवत नाही.

याउलट अमेरिकेच्या नायकी कंपनीची १९८८ सालची जाहिरात पाहावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून ८० वर्षांचे वॉल्ट स्टॅक धावत आहेत आणि शेवटी काळ्यावर पांढरे तीन शब्द, 'जस्ट डू इट'. या घोषवाक्याची अक्षरे फ्युचुरा वळणाची. जर्मनीत पॉल रेनर यांनी १९२७ मध्ये आणलेल्या वळणाचा हा जाड, दाटून बसवलेला प्रकार. वेलबुट्टी अजिबात नाही, त्यामुळे धावत्या बसमधूनही वाचता येतात. कंपनीची ती वळणदार खूणही १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये काढून दिली होती. (पुढे कंपनीने तिला शेअर दिले, हेही सांगितले पाहिजे.)

पण याच कंपनीला अक्षराने तडाखाही दिला. १९९७ मध्ये तिच्या काही बुटांवर 'एअर' हा इंग्रजी शब्द ज्वाळांच्या आकारात काढला होता. अरबी वाचणाऱ्याला तो 'अल्लाह' असा दिसे, आणि तोही पायातल्या बुटावर! अमेरिकेतील मुस्लिम संघटनेने तक्रार केली. जून १९९७ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि सुमारे ३८ हजार जोड बाजारातून मागे घेण्याचे मान्य केले. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. नक्षीच्या नादात अक्षराचे अक्षरपण सुटले, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपल्यातले कितीतरी कारागीर दुसऱ्याच्या नावाचा माल शिवतात, छापतात, त्यावर भरतकाम करतात. एखादे अक्षर खटकले तरी ऑर्डर जाईल म्हणून गप्प बसतात. ही भीती खोटी नाही, घर त्यावरच चालते. तरीही साचा पडण्याआधी मालकाच्या कानावर घालावे, असे आमचे मत आहे. तेव्हा एक साचाच बदलावा लागतो. स्वतःचा माल काढणाऱ्यांनी तर प्रूफ चार जणांना दाखवावे. मराठी, इंग्रजी आणि उर्दू या तिन्ही लिप्या वाचणारी शाळकरी पोरे आपल्या मोहल्ल्यात आहेतच, त्यांना विचारायला पैसे पडत नाहीत.