विद्यार्थ्यांचा अभिप्राय आणि आपलीं विद्यापीठें

सत्र संपत आलें म्हणजे आमच्या महाविद्यालयांतून एक विधि नेमानें पार पडतो. विद्यार्थ्यांच्या हातीं, हल्लीं बहुधा त्यांच्या मोबाइलवर, एक प्रश्नपत्रक येतें. अध्यापक वेळेवर येत होते काय, त्यांचें बोलणें समजत होतें काय, अभ्यासक्रम पुरा झाला काय, ग्रंथालयांत हवीं तीं पुस्तकें मिळतात काय, असे वीसपंचवीस प्रश्न. आणि प्रत्येकापुढें एकपासून पांचपर्यंत आंकडे. विद्यार्थ्यानें एकेका आंकड्यावर खूण करावी आणि मोकळें व्हावें. हें पत्रक भरल्यावांचून परीक्षेचें प्रवेशपत्र मिळणार नाहीं, असा धाकही कांहीं ठिकाणीं घातलेला असतो. आमच्या ओळखीच्या एका मुलीनें सगळ्या प्रश्नांपुढें चारचा आंकडा टाकून दीड मिनिटांत हें कर्तव्य उरकलें. “पांच कां नाहीं दिलेस?” असें आम्हीं विचारतां ती म्हणाली, “सगळीकडे पांच दिले तर खोटें वाटेल.” आमच्या उच्च शिक्षणाच्या कारभारावर याहून नेमकी टीका आम्हीं अलीकडे वाचलेली नाहीं.

या मुलीस कोणी बेपर्वा म्हणूं नये. पहिल्या वर्षीं तिनें पत्रकाच्या शेवटीं ‘आणखी कांहीं सुचवावयाचें असल्यास’ या शब्दांखालीं सोडलेल्या दोन ओळींच्या जागेंत मनापासून लिहिलें होतें. तिची तक्रार साधी होती. रसायनशास्त्राचें प्रात्यक्षिक पहिल्या आठवड्यांत सुरू होतें आणि त्यामागचा सिद्धांत वर्गांत दीड महिन्यानें येतो. तोंवर परीक्षानळींत थेंब टाकावयाचे, रंग बदलला कीं वहींत लिहावयाचें, आणि कां बदलला हें विचारावयाचें नाहीं. पाककृतीचें पुस्तक उघडून स्वयंपाक करणाऱ्यास निदान पदार्थ खावयास तरी मिळतो! दुसऱ्या वर्षीं तिनें तेंच पुन्हां लिहिलें. तिच्या मागाहून आलेल्या मुलींनींही तेंच लिहिल्याचें ती सांगते. या लिहिण्याला ना होकार आला, ना नकार. तेव्हां तिसऱ्या वर्षीं तिनें ओळीनें चार-चार-चार टाकले, यांत तिचें काय चुकलें?

हा विधि आला कोठून, हें पाहिलें म्हणजे त्याचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. विद्यापीठ अनुदान आयोगानें १९९४ सालीं बंगळूर येथें राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, व्यवहारांत जिला ‘नॅक’ म्हणतात ती, स्थापन केली. महाविद्यालयांचें व विद्यापीठांचें मूल्यमापन करून त्यांस श्रेणी देणें हें तिचें काम. २०१७ सालीं तिनें मूल्यमापनाची जी सुधारलेली पद्धत आणली, तींत विद्यार्थी, अध्यापक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे अशा सर्वांच्या अभिप्रायासाठीं गुण ठेविले आणि त्या गुणांची एक शिडीच बांधली. अभिप्राय घेतलाच नाहीं, ही तळाची पायरी. घेतला, ही तिच्या वरची. घेऊन त्याचें विश्लेषण केलें, ही आणखी वरची. त्यावर कार्यवाही केली, ही त्याहून वरची. आणि हें सारें संकेतस्थळावर ठेविलें, हा कळस. हेतूविषयीं आमची तक्रार नाहीं. ज्या देशांत विद्यार्थ्यास तोंड असतें हेंच कित्येक प्राध्यापकांच्या गांवीं नव्हतें, त्या देशांत ‘विचारा’ असा हुकूम निघाला, हीही लहान गोष्ट नव्हे. परंतु शिडीला गुण चिकटले, आणि ज्याला गुण तें कागदावर दाखविलें पाहिजे, हा आपल्या सरकारी व्यवहाराचा सनातन नियम. त्यामुळें विद्यार्थ्याचें म्हणणें वर, बंगळूरकडे, गेलें. खालीं वर्गाकडे परत आलें नाहीं. ज्यानें मत दिलें त्यास उत्तर नाहीं, आणि ज्यानें तें मागविलेंही नव्हतें त्या तपासनिसास मात्र त्याची सुबक बांधलेली प्रत!

अशा ‘कार्यवाही-अहवालां’पैकीं कांहीं आम्हीं चाळून पाहिले आहेत. वाचकांनींही सवड काढून आपल्या मुलामुलींच्या महाविद्यालयाचा असा अहवाल अवश्य वाचावा, करमणूक होईल. विद्यार्थ्यांच्या सूचनेवरून थंड पाण्याचें यंत्र बसविलें. ग्रंथालयाची वेळ अर्ध्या तासानें वाढविली. वाहनतळावर छप्पर घातलें. हीं कामें चांगलीं आहेत. तहानलेल्यास पाणी देण्यासारखें पुण्य नाहीं. पण अभ्यासक्रमाच्या सदराखालीं काय लिहिलें आहे तें पाहावें. बहुधा एकच वाक्य असतें : ‘सदर सूचना संबंधितांस कळविण्यांत आल्या.’

हे ‘संबंधित’ कोण? येथें आम्हांस थोडें मागें जावें लागेल. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें तें त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. अभ्यासक्रम ठरविणें, परीक्षा घेणें, पदव्या देणें हें विद्यापीठाचें काम. शिकविण्याचें काम महाविद्यालयांचें. पुढें विद्यापीठांत अध्यापनाचे विभाग निघाले, १९४९ सालीं पुण्यास दुसरें विद्यापीठ आलें, आणखी कितीतरी आलीं. परंतु संलग्न महाविद्यालयांपुरती ही वांटणी आजही मोडलेली नाहीं. बी. ए. च्या किंवा बी. एस्सी. च्या वर्गांत काय शिकवावयाचें हें त्या त्या विषयाचें अभ्यासमंडळ ठरवितें आणि विद्यापरिषद त्यावर शिक्का उठविते. वर्गांत उभा असलेला अध्यापक त्यांतील एक प्रकरणही इकडचें तिकडे करूं शकत नाहीं. आतां मौज पाहा. विचारतें कोण? महाविद्यालय. बदलूं शकतें कोण? विद्यापीठ. ज्यास अधिकार नाहीं तो विचारतो आणि ज्यास अधिकार आहे तो विचारीत नाहीं! आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, असें आपल्याकडे म्हणतात; येथें तर बंबवाल्यास आगीचा पत्ताही कोणी नीट दिलेला नसतो.

पण ही सबब सर्वांस लागू नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. वरील मुलीची तक्रार पुन्हां पाहा. प्रात्यक्षिकाआधीं सिद्धांत शिकवावा, यासाठीं अभ्यासमंडळाची परवानगी कशाला हवी? प्रकरणांचा क्रम आणि वेळापत्रक हीं विभागप्रमुखाच्या हातचीं आहेत. एका दुपारीं चार अध्यापक एकत्र बसले तर काम होतें. कांहीं गोष्टी अध्यापकाच्या हातीं, कांहीं महाविद्यालयाच्या, कांहीं विद्यापीठाच्या. आणि विद्यार्थ्यानें लिहिलेलें प्रत्येक वाक्य यांपैकीं कोणाचें हें निवडावयास एखादी संध्याकाळ पुरते. परंतु आंकड्यांची सरासरी काढून ३.९ हें उत्तर काढणाऱ्यास तें वाक्य दिसतच नाहीं. सरासरींत तक्रार विरघळून जाते. स्वायत्त महाविद्यालयांस तर ‘विद्यापीठ ऐकत नाहीं’ असें म्हणण्याचीही सोय उरलेली नाहीं. तेथें अभ्यासमंडळही त्यांचेंच आणि अभ्यासक्रमही त्यांचाच. तेथील अहवालांतही ‘संबंधितांस कळविलें’ हेंच वाक्य आम्हांस आढळलें, तेव्हां हें पत्र लिहिणाऱ्यानें कोणास पाठविलें असेल याचा आम्ही बराच वेळ विचार करीत बसलों.

येथें आमचे कांहीं वडीलधारे प्राध्यापक मित्र पुढें सरसावतील. ते म्हणतील, “विद्यार्थ्यास काय कळतें? त्याला नोट्स हव्या, गुण हवे, विनोद करणारा मास्तर हवा. उद्यां त्याच्या मतावर अभ्यासक्रम बांधावयाचे काय?” हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. त्याच्या बाजूनें पुरावाही आहे, आणि तो आम्हीच देतों. अमेरिकेंत तिघां संशोधकांनीं एका नटास ‘डॉक्टर फॉक्स’ असें नांव देऊन सुशिक्षित श्रोत्यांपुढें गणिती क्रीडासिद्धांत व वैद्यकीय शिक्षण या विषयावर व्याख्यान द्यावयास उभें केलें. व्याख्यान रंगतदार, पण आंत अर्थ मुद्दामच कांहीं ठेविला नव्हता. तरी श्रोत्यांनीं त्यास उत्तम अभिप्राय दिले. हें संशोधन १९७३ सालीं प्रसिद्ध झालें. २०१० सालीं तेथील हवाई दलाच्या अकादमींतील विद्यार्थ्यांवरून कॅरेल व वेस्ट यांनीं दाखविलें कीं, ज्या अध्यापकांच्या वर्गांत चालू परीक्षेचे गुण चांगले पडत व ज्यांना विद्यार्थी चांगले शेरे देत, त्यांचे विद्यार्थी पुढच्या, अधिक अवघड अभ्यासक्रमांत मागें पडत. २०१५ सालच्या आणखी एका अमेरिकन प्रयोगांत विद्यार्थी व अध्यापक एकमेकांस दिसत नव्हते. तेव्हां अध्यापकाचें पुरुषी नांव सांगितलें तर अधिक गुण पडत, बाईचें सांगितलें तर कमी. एवढें झाल्यावर या आंकड्यांवरून कोणाची बढती ठरवावी किंवा कोणास घरीं बसवावें असें जो म्हणेल, त्याच्याशीं आमचा वाद आहे. युरोपांत बोलोन्या येथें मध्ययुगांत हा खेळ पुरता खेळून झाला. तेथें विद्यार्थ्यांचे संघच अध्यापकांस नेमीत, उशिरा येणाऱ्यास किंवा नेमलेला भाग वेळेंत पुरा न करणाऱ्यास दंड करीत. दंडाच्या भीतीनें भाग पुरा होईलही. तो समजला कीं नाहीं, हा प्रश्न राहतोच.

परंतु या पुराव्यावरून आमचे मित्र जें अनुमान काढतात तें चुकीचें आहे. विद्यार्थी हा चांगला न्यायाधीश नाहीं, एवढेंच यावरून सिद्ध होतें. तो साक्षीदार नाहीं, असें मुळींच सिद्ध होत नाहीं. न्यायाधीशाला कायदा ठाऊक असावा लागतो. साक्षीदारानें त्या वेळीं त्या ठिकाणीं असावें, एवढें पुरतें. अध्यापक विद्वान आहे कीं नाहीं, हें मुलास कळणार नाहीं. पण तिसऱ्या आठवड्यांत व्याख्यानाचा धागा कोठें तुटला, कोणतें पुस्तक बाजारांत मिळालें नाहीं, कोणत्या दोन विषयांत एकच प्रकरण दोनदां शिकविलें गेलें, हें त्याच्यावांचून दुसऱ्या कोणास कळणार आहे? ज्याचें जळतें त्यालाच कळतें. आमचीं पत्रकें नेमकें उलटें करतात. जें विद्यार्थ्यास सांगतां येत नाहीं त्याचे पंचवीस प्रश्न, आणि जें त्यालाच सांगतां येतें त्यासाठीं शेवटीं दोन ओळी. साक्षीदाराला न्यायासनावर बसवावयाचें, आणि साक्ष मात्र नोंदवावयाची नाहीं!

दुसरा दोष वेळेचा. सत्र संपल्यावर विचारणें म्हणजे वरातीमागून घोडें. ब्रिटनमध्यें २००५ पासून जी राष्ट्रीय विद्यार्थी पाहणी होते तीही शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचीच. जे सांगतात ते सांगून निघून जातात. मात्र तेथील विद्यापीठें ‘तुम्हीं सांगितलें, आम्हीं केलें’ अशा मथळ्याचे फलक भिंतींवर लावतात, हें आम्हांस आवडलें. त्या फलकांत जाहिरातबाजी पुष्कळ असते; तरी बोललेल्याला उत्तर देणें लागतें, एवढी रीत त्यांत आहे. आमची पुस्ती अशी कीं, फलकावर ‘तुम्हीं सांगितलें, आम्हीं केलें नाहीं, कारण’ असाही एक रकाना असावा. नकाराचें कारण ऐकून घेण्याइतका विद्यार्थी समंजस असतो. त्यास सोसत नाहीं ती मुकाट शांतता.

आणि खरोखर ऐकावयाचें असेल तर त्याला समिती लागत नाहीं कीं संकेतस्थळ लागत नाहीं. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनीं १९८९ सालीं आपल्या वर्गांतील एक युक्ति लिहून ठेविली आहे. तास संपतांना विद्यार्थ्यांनीं आजचा सर्वांत गढूळ राहिलेला मुद्दा कोणता तें कागदाच्या तुकड्यावर लिहून द्यावें. अध्यापकानें ते तुकडे चाळून पुढचा तास तेथून सुरू करावा. खर्च, एक कागद आणि कांहीं मिनिटें. येथें सांगणाऱ्यास आपल्या सांगण्याचें फळ पुढल्याच तासाला दिसतें, म्हणून तो खरें सांगतो. नांव लपविण्याची गरजही मग फारशी उरत नाहीं. आमच्याकडे शंभर-सव्वाशें मुलांच्या वर्गांत हें कसें जमावयाचें, असें विचारणारे आहेत. दर वेळीं वीसच तुकडे चाळावेत. शंभरांना न विचारण्यापेक्षां तें बरें. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, सत्रासत्राला नोकरीची चिंता वाहणाऱ्या अध्यापकाकडून मात्र ही अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी, हें आम्हांसही सुचत नाहीं. आपलें उणें मोकळेपणानें ऐकावयास पायाखालीं थोडी जमीन लागते, आणि ती आपण त्यांस दिलेली नाहीं.

विद्यापीठांकडे आमचें मागणें दोनच गोष्टींचें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमांची मोठी उलथापालथ झाली. नव्या रचनेच्या पहिल्या तुकड्यांनीं तिचे सारे हेलकावे सोसले आहेत. या विद्यार्थ्यांस अभ्यासमंडळानें स्वतः, समोर बसवून, विचारावें. आंकडे मागूं नयेत, प्रसंग विचारावेत. आणि अभ्यासमंडळाच्या बैठकीचा वृत्तांत असा छापावा कीं विद्यार्थ्यांकडून काय आलें, त्यांतलें काय स्वीकारलें, काय नाकारलें व कां, हें कोणाही पालकास वाचतां यावें. यास नवा कायदा नको, अनुदान नको. खासगी शिकवणीवाला हें रोज करतो. मुलें उठून गेलीं तर त्याचें दुकान बंद पडतें. विद्यापीठास ती भीति नाहीं, आणि भीति नसतांनाही ऐकतां येतें, हें त्यानें अजून दाखवावयाचें आहे.

आमची ती ओळखीची मुलगी या वर्षीं पदवी घेऊन बाहेर पडेल. तिची धाकटी बहीण त्याच महाविद्यालयांत विज्ञानशाखेस गेली आहे. परवां ती घरीं आली तेव्हां तिच्या पांढऱ्या झग्यावर कसलासा जांभळा डाग पडला होता. कशाचा, असें आम्हीं विचारलें. “तें अजून शिकवलेलें नाहीं,” ती म्हणाली.