हा ‘बायकांचा प्रॉब्लेम’ नाही, आजार आहे

“पाळीचं काय एवढं? सगळ्याच बायकांना येते.” हे वाक्य मी पुरुषांपेक्षा बायकांच्याच तोंडून जास्त ऐकलंय. बोलणारीची स्वतःची पाळी बहुतेक वेळा चार दिवसांत उरकलेली असते. जिला तासातासाला पॅड बदलावा लागतो, गाठी पडतात, दहा-बारा दिवस रक्त थांबत नाही, ती बाजूला गप्प बसलेली असते. तीच जर नर्स असेल, तर ती आणखीच गप्प असते.

नर्सचं उदाहरण मुद्दाम घेतेय. बाळंतिणीचं रक्त किती गेलं हे ती पॅड बघून केसपेपरवर लिहिते. चेहरा पांढरा पडलाय, हिमोग्लोबिन तपासा, असं डॉक्टरला सांगणारी तीच. स्वतःचे पॅड मात्र तिने कधी मोजलेले नसतात.

माझी धाकटी जाऊ नर्स आहे. वैरागहून एसटीने जाऊन-येऊन एका खासगी दवाखान्यात काम करते. ती म्हणते, “भाभी, एसटीत बुरखा काळा असतो, तोवर निभावतं. वॉर्डात युनिफॉर्म पांढरा.” रात्रीची ड्युटी बारा तासांची, मजल्यावर ती आणि एक मावशी. स्टाफचं बाथरूम खालच्या मजल्यावर. सलाईन संपत आलेला पेशंट सोडून ती दर तासाला खाली कशी जाणार? म्हणून एकावर एक दोन पॅड आणि खाली गडद रंगाची सलवार. दोन वर्षं हे चाललं. एकदा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7. बाईचं किमान 12 हवं. वरिष्ठांकडे सुट्टी मागितली तर उत्तर आलं, “मग आम्हाला काय येत नाही का पाळी?”

या उत्तरावरच माझा राग आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. त्या वेगळ्या करायला आम्हा मुसलमान बायकांना कुणा परक्याने शिकवायची गरज नाही. आमच्या फिक्हच्या किताबांत हैज वेगळा आणि इस्तिहाजा वेगळा. हनफी मसलकात हैजची जास्तीत जास्त मुदत 10 दिवस. त्यापुढे वाहणारं रक्त म्हणजे इस्तिहाजा. हैजमध्ये नमाज माफ आहे; इस्तिहाजात माफ नाही, कारण ती बाई नापाक नसते, तिला त्रास असतो. तिला माजूर मानून वुजूच्या नियमांत सवलत दिली आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी रक्त थांबतच नाही अशी तक्रार हुजूरांकडे (सल्ल.) नेली, तेव्हा हे हैजचं नसून एका रगेचं रक्त आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. हम्ना बिन्त जहश यांचं तर मला नेहमी कौतुक वाटतं. त्यांना कापूस ठेवायला सुचवलं गेलं. त्या म्हणाल्या, त्याने भागत नाही. मग कापड सुचवलं. त्यानेही भागत नाही, धार लागते, असं त्यांनी साफ सांगितलं. अल्लाहच्या रसूलसमोर जे चौदाशे वर्षांपूर्वी बोलता आलं, ते आज आमच्या मुलीला वॉर्डच्या इन्चार्जसमोर बोलता येत नाही.

लग्नात मुलीला ‘बहिश्ती जेवर’ द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात हैज आणि इस्तिहाजा दोन्हींचे मसले आहेत. वाचतं कोण? रमजानमध्ये आपल्या घरातल्या बायका त्या दिवसांत स्वयंपाकघराचं दार लोटून, सासऱ्याची नजर चुकवून भाकरीचा तुकडा मोडतात. शरीयतने दिलेली सूट आपण चोरीच्या मालासारखी वापरतो. याला हया म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

आता सरकारी बाजू. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी राज्यसभेत म्हणाल्या की पाळी हे काही अपंगत्व नाही. बरोबर आहे, पण दोन तासांत तीन पॅड भिजणं म्हणजे नुसती पाळी नव्हे, त्याचं काय? जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सुट्टी सक्तीची केली तर मालक बायकांना कामावर घेणारच नाहीत, अशी भीती बोलून दाखवली. इतर धंद्यांत ती खरी असेलही. दवाखान्यात ती कशी खरी ठरणार? नर्सिंगचा सगळा डोलारा बायकांच्या खांद्यावर आहे. त्यांना नाकारून दवाखाना दोन दिवस तरी चालेल का?

बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. आपल्या सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकाने 2025 मध्ये महिन्याला एक भरपगारी दिवस द्यायचं ठरवलं. आपल्याकडेही तसं व्हावं, जरूर व्हावं. पण ज्या बाईचं रक्त बारा दिवस थांबत नाही, तिला एक-दोन दिवसांच्या सुट्टीने काय होणार? तिला तपासणी आणि उपचार हवेत, आणि तोवर आजारपणाची रजा.

उपचार महागडे आहेत असंही नाही. सोनोग्राफी, थायरॉइड आणि रक्त तपासलं की गर्भाशयात गाठी आहेत का, थायरॉइड बिघडलाय का, रक्त गोठण्यात दोष आहे का, हे कळायला लागतं. रक्त कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या आहेत. हार्मोन सोडणारी, तांबीसारखी बसवायची एक वस्तू येते, ती काही वर्षं काम करते. लोहाच्या गोळ्या तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण हे सगळं करायला दिवस मोडतो. म्हणून बाई थांबते, आणि मग कुणीतरी सांगतं, “पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.”

पिशवी काढण्याची ही वाट कुठे जाते ते आपण बीडमध्ये पाहिलंय. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. एक खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून खाडाच होऊ नये याची ही सोय! हंगामात त्याच ऊसतोडीच्या गाड्या आमच्या भागातूनही जातात. नर्सच्या हातात कोयता नसतो, पण खाडा तिलाही परवडत नाही.

शिवाय हा प्रश्न दोन-चार जणींचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. दुसऱ्याला रक्त चढवणारे हात त्यातून सुटलेत असं समजायचं कारण नाही. कोविडमध्ये याच बायका पीपीई किट घालून सलग सहा-सहा तास उभ्या होत्या. मध्ये पॅड बदलायचा तर अख्खं किट उतरवावं लागे. आपण बाल्कनीत थाळ्या वाजवल्या आणि घरात गेलो.

दवाखाने चालवणाऱ्यांना विचारते. ज्या मजल्यावर नर्स रात्र काढते, त्याच मजल्यावर तिला बाथरूम देता येत नाही? रात्री मजल्यावर दुसरी नर्स ठेवता येत नाही, म्हणजे पहिलीला दहा मिनिटं मिळतील? पॅथॉलॉजी तुमच्याच इमारतीत आहे. वर्षातून दोनदा स्टाफचं हिमोग्लोबिन तपासायला कितीसा खर्च येतो? माझ्या जावेचं निदान झालं तेव्हा ती कापलेला पगार मागायला गेली. तो अजून मिळालेला नाही.