मीठपाणी नको, बाटली सोबत घ्या!

कुणी भलतंसलतं गिळलं की आपल्या घरात एकच गलका होतो. एक म्हणते मिठाचं पाणी पाजा, दुसरी घशात बोटं घालते, तिसरी दूध आणायला धावते. तळमळ खरी, पण उपाय चुकीचा.

मैत्रिणींनो, ड्रेसिंग टेबलवरच्या सगळ्याच वस्तू सारख्या नसतात. लिपस्टिकचा तुकडा बाळाच्या तोंडात गेला, तर बहुधा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही. तोंड पुसावं, लक्ष ठेवावं. पण नेलपॉलिश रिमूव्हर, अत्तर, केस काढायचं क्रीम, बेबी ऑइल यांची गोष्ट निराळी. मुद्दाम उलटी करवली तर जळजळीत पदार्थ पुन्हा घसा भाजतो, तेलकट पदार्थ श्वासनलिकेत उतरतो.

सगळ्यात घातक केसांचा काळा रंग. त्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. ते पोटात गेलं तर काही तासांत चेहरा, मान, घसा सुजून श्वास अडकू शकतो, पुढे मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात. यावर नेमका उतारा नाही. म्हणून ‘आता तर बरी दिसतेय’ असं म्हणत घरी थांबू नका. चुकून गेलं की रागाच्या भरात घेतलं, ही उलटतपासणी नंतर. लोक काय म्हणतील म्हणून डॉक्टरांपासून लपवणं हा जिवाशी खेळ आहे.

अशा वेळी १०८ला फोन करा, बाटली किंवा पाकीट सोबत घ्या. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देतं.

रंग किंवा क्रीम लावून खाज सुटली, सूज आली, तर भरपूर साध्या पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर १५-२० मिनिटं पाण्याची धार सोडा. ओठ, जीभ सुजली, धाप लागली तर थेट दवाखाना. लग्नसराईतली झटपट ‘काळी मेंदी’ तर टाळाच. खरी मेंदी तांबूस रंगते, त्या काळेपणात अनेकदा पीपीडीच असतं. नवा रंग लावण्याआधी ४८ तास थोडासा हातावर लावून बघा.

आणि रिमूव्हर कधीही सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. पोळपाट-लाटण्याइतकीच जागेवर ठेवायची सवय या बाटल्यांनाही लावा, फक्त फळी जरा उंचावरची आणि कडी लावलेली. पुढच्या भिशीत साड्यांच्या गप्पांआधी दोन मिनिटं हे बोलूया. कुणाच्या तरी लेकराला त्याचा उपयोग होईल.