न्यूट्रल रंगाची जात

गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीतल्या पाच-सहा घरांचं रिनोव्हेशन झालं. ओटा बदलला, फरशी बदलली, खिडक्यांना स्लायडिंग आलं आणि शेवटी रंगाचं काम निघालं. प्रत्येक घरी शेडकार्ड उघडलं गेलं. त्यात निळ्या छटांची चांगली दोन-तीन पानं असतात. प्रत्येक घरी ती भराभर उलटली गेली आणि भिंतींना लागलं काय, तर ऑफ-व्हाइट, आयव्हरी, बेज. का, असं विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर : 'न्यूट्रल बरा वाटतो.'

न्यूट्रल म्हणजे तटस्थ. आम्हाला विचारायचं आहे, तटस्थ कोणाच्या मध्ये?

चहा होईपर्यंत खरं कारण बाहेर येतं. 'निळा लावला की लगेच कळतं हो.' सोसायटीतल्यांना कळतं, मुलीच्या मैत्रिणींना कळतं, उद्या फ्लॅट भाड्याने द्यायचा झाला तर एजंटला कळतं. ही भीती खोटी नाही आणि तिची टवाळी आम्ही करणार नाही. आडनाव ऐकून 'खोली कालच गेली' असं उत्तर ज्यांनी ऐकलंय त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव लावून त्यांनी पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी संध्याकाळपर्यंत तीही सोडायला लावली. पण त्यांच्याकडे तेव्हा स्वतःचं घर नव्हतं. आपल्याकडे आहे. वीस वर्षांच्या हप्त्यांचं, आपल्या नावावर. भाड्याच्या खोलीत दडून राहणं एकवेळ समजतं; स्वतःच्या हॉलमध्ये कोणापासून दडायचं?

'रंगात कसली आली जात?' हा प्रश्न आपलीच शिकलेली पोरं विचारतात. त्यांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' उघडून इंदूर जिल्ह्यातल्या बलाई समाजाचा प्रसंग वाचावा. १९२८ सालची बातमी बाबासाहेबांनी त्यात दिली आहे. गावात राहायचं असेल तर बलायांनी जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, असे नियम सवर्णांनी घातले होते. न ऐकणाऱ्यांना गावाच्या विहिरीचं पाणी बंद झालं. धोतराच्या काठाला रंग असावा की नसावा हे ज्या समाजाने ठरवलं, त्याला रंगातली जात बरोबर दिसत होती. आज तसा नियम कोणी काढत नाही. काढायची गरजच उरली नाही; शेडकार्ड हातात घेऊन तो आपण स्वतःच स्वतःला लावतो.

आता फोटोचं. या घरांमध्ये रंग सुकल्यावर सगळं सामान परत जागेवर गेलं, बाबासाहेबांचा फोटो तेवढा गेला नाही. सोनेरी फ्रेम 'थीमला मॅच होत नाही' म्हणून तो बेडरूममध्ये गेला, एका घरी तर कपाटावर उभा करून ठेवलेला दिसला. हॉलच्या त्या मोकळ्या भिंतीवर काय आलं? बुद्धाचा नुसता चेहरा, फायबरचा, खाली बांबूचं रोपटं आणि वरून पिवळा दिवा. हाच चेहरा सवर्णांच्या हॉलमध्ये, हॉटेलात, स्पामध्येही असतो. म्हणून तो चालतो. धम्म वजा केलेला बुद्ध शोभेला चालतो, पण बोट उगारून उभा असलेला माणूस चालत नाही, कारण तो पाहुण्याला काहीतरी विचारतो. एका घरात तर हा चेहरा चपलांच्या रॅकच्या वर होता!

आणि वास्तुशास्त्र. डिझायनर दिशांचा तक्ता घेऊन येतो : ईशान्येला हा रंग, दक्षिणेला तो नको, ती यमाची दिशा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्या घरात फ्रेम करून लावल्या होत्या, त्याच घरात हा तक्ता टेबलावर पसरलेला आम्ही पाहिला. दिशांचे देव मानायचे नाहीत हे आजीला कळलं होतं, तिला सही करता येत नव्हती तरी.

ती आजी जयंतीच्या आधी चुना भिजत घालायची. त्यात निळीची पुडी. थोडी पडली तर भिंत पांढरीशुभ्र, जास्त पडली तर निळी. खरं सांगायचं तर निळीवर आपला एकट्याचा हक्क कधीच नव्हता. तो गरिबाला परवडणारा रंग होता, सगळ्याच वस्त्यांत दिसायचा. आपल्यासाठी त्याला वेगळा अर्थ आला तो १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं आणि त्याचा निळा झेंडा हातात आला तेव्हापासून.

तर काय, सगळ्यांनी घर निळं रंगवायचं? नाही. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना उजेडाची किंमत माहीत आहे. एका खिडकीच्या खोलीत गडद रंग चारी बाजूंनी लावला तर दिवसा ट्यूब लावावी लागते. तिथे पांढराच लावा, उजेडासाठी लावा. रंग आवडीने, उजेडाने, खिशाने ठरू दे. शेजाऱ्याच्या भीतीने ठरला की तो न्यूट्रल नसतो.

निळा लावणाऱ्यांनीही फार छाती फुगवू नये. गडद निळा हॉल केलेल्या आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी आम्हाला चिनी मातीच्या कपात चहा आला आणि पेंटरला कागदी ग्लासात. तो माणूस दिवसभर जुना ऑइल पेंट पॉलिश पेपरने घासत होता, तोंडाला साधा रुमाल. घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग घासताना उडणाऱ्या धुळीत किती शिसं असेल, कोण सांगणार? घासण्याआधी भिंत ओली करा, लहान मुलं दुसरीकडे पाठवा, पेंटरला चांगला मास्क आणून द्या. आणि आपल्या कपात चहा द्या.

आमच्याही हॉलचं काम पुढच्या आठवड्यात निघतंय. तीन भिंती पांढऱ्या, खिडकीसमोरची निळी. त्या भिंतीवरचा फोटोचा खिळा काढायचा नाही, त्याच्या कडेकडेने पुट्टी भरायची, असं पेंटरला सांगून ठेवलंय.