किल्लीचं चिन्ह पाहून निर्धास्त होऊ नका

फोनच्या वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसलं की आपण निर्धास्त. व्हीपीएन चालू आहे, तुटलंच तर 'किल स्विच' इंटरनेट बंद करेल. कुणी सांगितलं? ॲप विकणाऱ्याने. मौलाना म्हणाले म्हणून मानायचं नाही, पुरावा मागायचा, असं आपण बैठकीत ठासून सांगतो. मग ॲपवाल्याला ही सूट कशासाठी?

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. न तपासलेल्या बटणावर माझा भरवसा नाही, मी स्वतः लिहिलेल्यावरही नाही.

ॲपमधला किल स्विच बहुधा ॲप चालू असेपर्यंतच काम करतो. फोनने ॲप बंद पाडलं की स्विचही गेला. म्हणून अँड्रॉइडच्या सेटिंगमधलं 'ऑलवेज-ऑन व्हीपीएन' आणि 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' ही दोन्ही बटणं चालू करा. मग व्हीपीएन ॲप 'फोर्स स्टॉप' करा आणि आधी कधी न पाहिलेली साइट उघडा. उघडली तर स्विच निकामी. वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाऊन, फोन रीस्टार्ट करून पुन्हा बघा.

पान उघडलं नाही? बहुतेक जण इथेच थांबतात, आणि फसतात. ही बटणं चालू असूनही वाय-फायला जोडताना अँड्रॉइड काही संदेश व्हीपीएनबाहेर पाठवतो, हे मुलवाड या स्वीडिश व्हीपीएन कंपनीने 2022 मध्ये दाखवलं. गूगलचं उत्तर: ते मुद्दामच तसं ठेवलंय! 2024 मध्ये त्याच कंपनीला आढळलं की व्हीपीएन ॲप कोसळताना किंवा पुन्हा जोडलं जाताना क्रोमसारख्या ॲपचे डीएनएस प्रश्न, म्हणजे साइटच्या नावाची चौकशी, बाहेर गळू शकते.

नाव गळल्याने काय बिघडतं? खुलाची माहिती शोधणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. घरातला राउटर मोठ्या भाईच्या ताब्यात. पान तिला दिसलंच नाही, पण साइटचं नाव राउटरच्या नोंदीत गेलं. तिच्यासाठी सगळं बिघडलं.

म्हणून तपासणी फोनबाहेरून करा. लॅपटॉपचा हॉटस्पॉट लावा, फोन त्याला जोडा, वायरशार्क चालू करून वरचे सगळे प्रयोग पुन्हा करा. उघडू पाहिलेल्या साइटचं नाव तिथे दिसलं, तर गळती आहे. आपल्यात इंजिनिअर कमी नाहीत. एक रविवार द्या.

तोवर ग्रुपवर 'हे ॲप टाका, बिनधास्त राहा' असले मेसेज फिरवणं बंद करा. त्या मुलीला मैत्रिणीचा फोन आणि मैत्रिणीचा डेटा वापरायला सांगा.