वाकळ, ब्लँकेट आणि गायरान

डिसेंबर आला की ह्यांची गोधडी बाहेर निघते. रविवारच्या पुरवणीत एक लेख ठरलेलाच. आजीच्या नऊवारीची गोधडी, मायेची ऊब, परसातली शेकोटी, आरावर भाजलेला हुरडा. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात. शहरातल्या प्रदर्शनात तीच गोधडी हजारोंना विकली जाते.

मला ह्या लेखांचा राग येतो. का येतो ते सांगतो.

आमच्या घरात गोधडी नव्हती, वाकळ होती. आजीला लुगडी दोन. एक अंगावर, एक वलणीवर. शिवायला जुनं लुगडं आणायचं कुठून? मग वाकळ कशाची? गावात मयत झालं की मढ्यावरचं कापड महाराचं. हा आमचा 'हक्क' बरं का! मनूनं चांडाळाला मेलेल्यांची वस्त्रं लावून दिली, गावानं ती वहिवाट आमच्या उंबऱ्यापर्यंत चोख पोचवली. पाटलाची आई गेली, तिचं कापड. वाण्याचा बाप गेला, त्याचं कापड. आजी ते ओढ्यावर धुवायची, वाळवायची आणि वाकळंला ठिगळ लावायची. लेखकराव, तुमच्या गोधडीला तुमच्या आजीचा वास येतो ना? आमच्या वाकळंला तुमच्या मेलेल्या आजीचा वास यायचा.

छप्पन्न साली बाप नागपूरला जाऊन आला. आल्या आल्या आजीला म्हणाला, "आये, मढ्याचं काय बी आता घरात न्हाई." आजी काही बोलली नाही. दोन रात्री चिमणीच्या उजेडात बसून तिनं टाके उसवले. वाकळ निम्मी झाली. त्याच हिवाळ्यात ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाप सांगायचा, तसली थंडी पुन्हा कधी वाजली नाही. पण ती ठिगळं पुन्हा घरात आली नाहीत. पाच माणसं निम्म्या वाकळंखाली चुलीला पाय लावून झोपली. ह्याच्यावर पुरवणीत कुणी लिहीत नाही.

आणि चूल तरी कशावर पेटायची? आजा वाड्यावर लाकडं फोडायचा. वतनाचं काम. बाभळीचे ओंडके फोडून फोडून हाताची सालटी निघायची. लाकूड वाड्याच्या चुलीला, आमच्या पदरात छिलपे. बांधावरचं काटूक उचललं तरी आयमाय उद्धरली जायची. झाड त्यांचं, बांध त्यांचा. ढोरंही त्यांची, म्हणून शेणही त्यांचंच. चावडीपुढची शेकोटी आजाच पेटवायचा आणि पेटवून लांब बसायचा, वाऱ्याच्या अंगाला. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली. बाभळी मात्र होत्या त्याच बांधावर राहिल्या.

पोरांनो, म्हणून मी म्हणतो, ऊब ही मायेची गोष्ट नाही. माया आमच्या आजीकडं काय कमी होती? ऊब ही जमिनीची गोष्ट आहे. लाकूड कुणाचं, भिंत कुणाची, भिंतीखालची जागा कुणाच्या नावावर, ह्याची गोष्ट आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली, ती आपली शेकोटी. पण त्या परिषदेलासुद्धा गावातलं कुणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. म्हणजे आग पेटवायलाही पायाखाली जमीन लागते. दादासाहेब गायकवाडांनी हे ओळखलं होतं. ६ डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. ऐन थंडीत लाखांवर माणसं तुरुंगात गेली, बाया कडेवर पोरं घेऊन गेल्या. ब्लँकेट मागायला नव्हती गेली ती.

आता आजचं बघा. आमची वस्ती गायरानावर आहे. १९९१ साली सरकारनं ठराव केला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा. आमच्या वस्तीची नमुना १-ई ला नोंद आहे, सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून रमाईचं घरकुल नाही. घरकुलाला नावावरची जागा लागते. घरकुल नाही म्हणून पत्रा. पत्र्याची थंडी ज्यानं भोगली त्यालाच ठाऊक. जुन्या कुडाच्या घरात शेणामातीची भिंत रात्रभर थोडी कोमट तरी राहायची. पत्रा दिवस मावळला की गार. पहाटे आतून पाणी सुटतं आणि टपटप अंथरुणावर पडतं. उज्ज्वलाची शेगडी आली, पण टाकी भरायला पैसे नाहीत. भरली तरी गॅसनं भाकरी भाजते, खोली तापत नाही. वस्तीतली निम्मी माणसं ह्या दिवसांत कोयत्यावर असतात, पाचटाच्या कोपीत. पहाटे तीनला दहिवरानं भिजलेला ऊस धरायचा. त्यांच्या थंडीवर लिहायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही.

त्यात २०२२ च्या हिवाळ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या. आमच्याकडंही आली. पत्रासुद्धा उचला म्हणून.

आणि आपण काय करतो? ब्लँकेट वाटतो! गेल्या साली एका पुढाऱ्यानं पन्नास ब्लँकेटं पाठवली. मंडळाच्या पोरांनी बॅनर लावला, पुढाऱ्याचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा. म्हाताऱ्यांना रांगेत उभं केलं. ही असली स्वस्त ब्लँकेटं पानिपतला बनतात. देशोदेशीचे उतरलेले कपडे तिथं येतात, त्यांच्या चिंध्या पिंजून सूत काढतात. मला आजीची उसवलेली ठिगळं आठवली. पुन्हा दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलंच!

मी भांडलो. एक पोरगा म्हणाला, "काका, म्हातारी कुडकुडतीय. तुमची थेअरी राहू द्या."

त्याचं खोटं नव्हतं. माझीच चुलती रांगेत होती. तिला म्हटलं, घेऊ नको. ती म्हणाली, "घेते बाबा. थंडी काय तुला इचारून येती व्हय?" घेतलं तिनं. फोटोच्या वेळी मात्र तोंडावर पदर ओढला. मी गप्प बसलो. आजीनं उसवलं तेव्हा ती स्वतःची वाकळ उसवत होती. दुसऱ्याच्या अंगावरचं काढायला सांगणारा मी कोण?

तेव्हा ब्लँकेट घ्या. रांग नको, बॅनर नको, फोटो तर नकोच. रात्री गुपचूप घरोघर पोचवा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुढाऱ्याच्या दारात १-ई चा उतारा घेऊन जा. नियमित करायच्या ठरावाचं काय झालं, विचारा. तो ब्लँकेटं लगेच देतो, कारण सातबारा द्यायचा नसतो.

सोमवारी तहसीलवर बसायचं आहे. रात्रभर. १-ई चा उतारा, १९९० च्या आधीचा काही पुरावा, शाळेचा दाखला, पोरांच्या जन्माची नोंद, जे सापडेल ते आणा. बायामाणसांसाठी ताडपत्री मंडळाची आहे. सरपण आपापलं आणा. शेकोटी तहसीलदाराच्या दारापुढंच पेटवू, आणि ह्या वेळी लांब कुणी बसायचं नाही.