मागील शिल्लक

व्यापारात मागील वर्षाची शिल्लक नव्या वहीत पुढे ओढता येते. कबड्डीच्या मैदानावर मात्र प्रत्येक सामना शून्यापासून मांडावा लागतो. १९९० साली बीजिंग येथे आशियाई क्रीडास्पर्धेत या खेळाला स्थान मिळाले आणि भारतीय पुरुष संघाने सलग ७ सुवर्णपदके पटकावली. २०१८ मध्ये जकार्ता येथे मात्र उपांत्य सामन्यात इराणने त्यांना २७-१८ असे नमविले. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच २७-२४ असा विजयी ठरला.

त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मायदेशाचा पराभव नावे आणि शिष्यांचा विजय जमा, अशा दोन्ही नोंदी एकाच क्षणी त्यांच्या खाती पडल्या. विद्या दिल्याने घटत नाही. घेणारा मात्र एके दिवशी बरोबरीला येतो, हे देणाऱ्याने ओळखून असावे.

२०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली. पुरुषांनी इराणला ३३-२९ असे हरविले, तर महिलांनी चिनी तैपेईवर अवघ्या एका गुणाने मात केली. पेढीचे जुने नाव ग्राहकाला दारापर्यंत आणते. तो टिकतो रोजच्या सचोटीने आणि कष्टाने.